बदलत्या काळातला कापडधंदा : दीडशे वर्षांचा धडा

सन १९८२ हे वर्ष महाराष्ट्राच्या कापडधंद्याच्या इतिहासात दोन घटनांमुळे लक्षात राहण्यासारखे आहे. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेला, असे कधीच घडले नाही. अनेक गिरण्यांची धुराडी त्यानंतर पुन्हा पूर्वीसारखी पेटली नाहीत. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी या विणकरांच्या गावी वस्त्रोद्योगाचे तांत्रिक शिक्षण देणारी एक संस्था सुरू झाली. पहिल्या घटनेची नोंद साऱ्या देशाने घेतली. दुसरीची दखल जिल्ह्याबाहेर फारशी कोणी घेतली नसेल.

दोन्ही ठिकाणी धंदा एकच होता. सूत तेच होते, कापडही बहुधा तेच होते आणि बाजारपेठही एकच होती. तरीही एका ठिकाणी धंद्याची वाट खुंटली आणि दुसऱ्या ठिकाणी ती अडखळत का होईना, पुढे चालू राहिली. असे का घडले, याचा विचार केवळ कापडधंद्यापुरता मर्यादित नाही. गूळ, विडी, तेलघाणी, चर्मोद्योग, छपाई, साखर असा ज्या गावाचा वा तालुक्याचा एखादा मुख्य धंदा असेल, त्या प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. यंत्र बदलते, गिऱ्हाईक बदलते. बदल थांबविणे कोणाच्या हाती नसते. त्याला सामोरे कसे जायचे, एवढेच हाती असते. कापडधंद्याच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीतून या बाबतीत बरेच काही शिकता येते.

पहिली गिरणी आणि दूरचा बाजार

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे केली आणि १८५६ मध्ये तिच्यातून सूत निघू लागले. त्याच्या एकच वर्ष आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली होती. बंदर, रेल्वे, कापसाचा व्यापार आणि व्यापाऱ्यांजवळचे भांडवल या चार गोष्टी मुंबईत एकत्र आल्या व त्यांतून गिरणी धंदा उभा राहिला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच भाव कोसळले व अनेक पेढ्या बुडाल्या. तथापि कापूस नुसता परदेशी पाठविण्यापेक्षा त्याचे सूत काढून विकणे अधिक भरवशाचे आहे, हा धडा त्या पडझडीतून व्यापाऱ्यांना मिळाला.

आज अनेकांना ठाऊक नसेल, परंतु मुंबईच्या गिरण्यांचे प्रारंभीच्या काळातील मोठे गिऱ्हाईक भारतात नव्हते. ते चीनमध्ये होते. मुंबईत तयार होणाऱ्या जाड्याभरड्या सुताचा मोठा भाग जहाजाने चीनला जाई व तेथील हातमाग विणकर त्याचे कापड विणीत. या एका बाजाराच्या आधारावर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मुंबईतील गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली.

नागपूरची चाती

याच काळात तंत्रज्ञानाच्या बाबतीत एक महत्त्वाचा निर्णय झाला. तो मुंबईत न होता नागपुरात झाला. जमशेटजी टाटा यांनी नागपूर येथे उभारलेली गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हे पद धारण केल्याने गिरणीला एम्प्रेस हे नाव मिळाले. सगळे गिरणीवाले मुंबईकडे धाव घेत असताना टाटांनी कापूस पिकतो त्या प्रदेशात, रेल्वेच्या जवळ गिरणी घातली. हा निर्णय तेव्हा अनेकांना विचित्र वाटला होता.

त्याहून मोठा निर्णय चातीचा होता. त्या काळी सूत काढण्यासाठी म्यूल नावाचे यंत्र सर्वत्र वापरात होते. म्यूलमध्ये आधी धागा ओढून त्याला पीळ दिला जाई आणि मग तो गुंडाळला जाई. म्हणजे काम टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत चाले व त्यासाठी चांगला कसलेला कारागीर लागे. अमेरिकेत निघालेल्या रिंग चातीमध्ये पीळ देणे व गुंडाळणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी अखंड चालत. त्यामुळे उत्पादन वाढे आणि थोड्या दिवसांत शिकविता येईल अशा कामगाराकडूनही काम होई. इंग्लंडमधील लँकेशायरचे गिरणीवाले या चातीबद्दल साशंक असतानाच एम्प्रेस गिरणीने ती करून पाहिली आणि अनुभव चांगला येताच जुनी यंत्रे बदलून टाकली. पुढे मुंबईनेही तीच वाट धरली.

लँकेशायर हे त्या काळी कापडधंद्यातील जगाचे गुरुपीठ होते. असे असता ते मागे का राहिले, हे समजून घेणे उद्बोधक आहे. तेथे म्यूल चालविण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले कारागीर होते. तेथे बारीक सुताला मागणी होती आणि त्यासाठी म्यूल सोयीचे होते. शिवाय तेथे कताई एका कारखान्यात व विणाई दुसऱ्या कारखान्यात अशी विभागणी झालेली होती. रिंगवरील सूत जड लाकडी बॉबिनांवर भरून एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे खर्चाचे पडे. म्हणजे लँकेशायरच्या लोकांना नवे यंत्र कळत नव्हते, असे नाही. जुन्या व्यवस्थेत त्यांचे सर्व काही इतके नीट बसलेले होते की, एक खिळा हलविला तर साराच सांगाडा हलविणे भाग पडले असते. जुने यश हेच नव्या बदलाच्या आड येते ते असे. नागपुरात हा सांगाडाच नव्हता. तेथे जाडे सूत काढायचे होते आणि कामगार नव्याने शिकवायचे होते. म्हणून नवे यंत्र तेथे सहज रुजले.

यंत्राबरोबर एम्प्रेस गिरणीने माणसांचाही विचार केला, हे नमूद केले पाहिजे. नागपूरच्या कोरड्या हवेत धागा तुटतो म्हणून तेथे हवा दमट ठेवणारी यंत्रे बसविण्यात आली. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई दिली जाऊ लागली. असा कोणताही कायदा तेव्हा देशात नव्हता.

हातचा बाजार गेला तेव्हा

चीनचा बाजार कायम टिकणारा नव्हता. जपानने स्वतःच्या गिरण्या उभारल्या व चीनच्या दाराशी असल्याचा लाभ घेऊन तेथे आपले सूत नेले. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने चांदीची नाणी खुलेपणी पाडण्याचे बंद केले. त्यामुळे रुपयाचा भाव चढा राहिला व चांदीचे चलन वापरणाऱ्या चीनमध्ये मुंबईचे सूत महाग झाले. त्यातच १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि कामगार शहर सोडून गावोगाव पांगले. पुढे चीनमध्येही गिरण्या निघाल्या. मुंबईच्या गिरणी धंद्यावरील हे पहिले मोठे संकट म्हणता येईल.

या संकटातून गिरण्या सावरल्या, त्या दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे त्यांनी आपले गिऱ्हाईक बदलले. परदेशी सूत विकणे कमी करून त्यांनी माग बसविले व देशातील लोकांसाठी कापड विणण्यास आरंभ केला. १९०५ च्या स्वदेशी चळवळीने या कापडाला मोठा उठाव मिळवून दिला. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी यंत्रशक्ती बदलली. १९१५ मध्ये खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली आणि कोळशावर चालणारी वाफेची इंजिने हळूहळू मागे पडली. बाजार बदलला तेव्हा माल बदलला, इंधन महाग पडू लागले तेव्हा शक्ती बदलली. त्या काळी नफ्याचा काही भाग पुन्हा यंत्रात घातला जात होता, म्हणून हे साधले.

परंतु याच काळात पुढच्या दुखण्याची बीजेही पेरली गेली. कारखाना बदलला की कामाची पद्धत बदलते आणि त्याचा भार प्रथम कामगारावर येतो. १९२० नंतर जपानी कापडाची स्पर्धा तीव्र झाली, तेव्हा एका कामगाराने अधिक साचे व अधिक चात्या सांभाळाव्यात, अशी योजना मालकांनी आणली. मात्र वाढलेल्या कामाचा मोबदला किती आणि कमी होणाऱ्या माणसांनी जायचे कोठे, याचे उत्तर त्या योजनेत नव्हते. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपामुळे बंद राहिल्या. नवे तंत्र म्हणजे आपली भाकरी जाणे, अशी समजूत कामगाराच्या मनात रुजली. अनुभव पाहता ती चुकीचीही नव्हती.

माग गावात येतो

मुंबईत गिरण्यांची भरभराट होत असताना, १९०४ मध्ये, इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला. तत्कालीन जहागिरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला उत्तेजन दिले. हातमागावर लुगडी विणणाऱ्या या गावाने यंत्रमाग स्वीकारला खरा, पण बाजार तोच ठेवला. नऊवारी रंगीत सुती लुगडी हे गिरण्यांच्या मोठ्या यंत्रणेला न परवडणारे, लहान लहान घाण्यांत विणावे लागणारे काम होते. काठ, रंग, रुंदी गावोगाव निराळी. गिरणी हजारो वार एकसारखे कापड काढी आणि हा विणकर मागणीप्रमाणे आठवड्यात काठ बदली. मोठ्याच्या सावलीत लहान धंदा टिकतो तो अशाच जागी, जेथे मोठ्याचा हात पोहोचत नाही.

पुढे लुगड्यांची मागणी ओसरू लागली, तेव्हा येथील मागांवर धोतरे, मलमल, पॉपलिन असे कापड निघू लागले. भिवंडी व मालेगाव येथे १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकर कुटुंबांनीही हातमागावरून यंत्रमागावर असाच प्रवास केला. सोलापूरने लुगड्यांबरोबर चादरी आणि पुढे टेरी टॉवेल यांत नाव कमावले. १९६० च्या दशकापासून शेतकरी व विणकर यांच्या सहकारी सूतगिरण्या निघाल्या, आणि सुतासाठी दूरच्या व्यापाऱ्यावर अवलंबून राहण्याची गरज काही प्रमाणात कमी झाली.

या विस्ताराला शासनाच्या धोरणाचाही हातभार लागला. स्वातंत्र्यानंतर हातमाग विणकराचे रक्षण व्हावे म्हणून १९५० च्या दशकात गिरण्यांतील मागांच्या वाढीवर निर्बंध घालण्यात आले. हेतू स्तुत्य होता. परंतु गिरणीने सोडलेली जागा हातमागापेक्षा यंत्रमागानेच अधिक व्यापली. यंत्रमागाला कर कमी, जागेचा खर्च कमी आणि मजुरीही कमी होती. धोरण आखताना एकाचे रक्षण करावे आणि लाभ तिसऱ्याच्या पदरात पडावा, असे अनेकदा घडते. म्हणून कोणत्याही निर्बंधाचा परिणाम दर काही वर्षांनी तपासून पाहणे अगत्याचे असते.

गिरण्यांची कोंडी

१९६० नंतर मुंबईच्या गिरण्यांसमोर पुन्हा एकदा बदलाची वेळ आली. या वेळी बदल तीन दिशांनी येत होते. एकीकडे यंत्रमागाचे स्वस्त कापड होते. दुसरीकडे टेरिलीन, पॉलिएस्टर असे कृत्रिम धागे लोकांच्या पसंतीस उतरत होते, कारण ते टिकाऊ होते आणि त्यांना इस्त्रीची फारशी गरज नव्हती. तिसरीकडे जगात बिनधोट्याचे वेगवान माग येत होते. काही मोजक्या गिरण्यांनी ही चाहूल ओळखली. त्यांनी नवी यंत्रे आणली, आपल्या कापडाला नाव दिले व निर्यातीकडे लक्ष वळविले. अशा गिरण्या टिकल्या. परंतु पुष्कळ गिरण्यांत युद्धपूर्व काळातील यंत्रे तशीच चालत राहिली. चांगल्या दिवसांतला नफा यंत्रात न जाता इतर धंद्यांत गेला. आजारी गिरण्या चालविण्यासाठी १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले व १९७४ मध्ये देशातील १०३ गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण करण्यात आले. त्यामुळे कामगारांची रोजी काही काळ वाचली, तरी यंत्रे मात्र जुनीच राहिली.

या पार्श्वभूमीवर १९८२ चा संप झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील या संपात वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि एकाच संघटनेला मान्यता देणाऱ्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमात बदल अशा मागण्या होत्या. वर्षानुवर्षे बदली म्हणून सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहणाऱ्या आणि काम मिळाले तर आत, नाही तर घरी परत जाणाऱ्या माणसांचा राग त्यामागे होता. संप लांबला, तसे गिरण्यांचे काम यंत्रमागाच्या गावांकडे वळले. व्यापाऱ्याचा माल अडला नाही आणि गिऱ्हाईकालाही कापड मिळत राहिले. संपाचे सामर्थ्य ज्या मक्तेदारीवर उभे असते, ती मुंबईच्या गिरण्यांकडे राहिलेली नव्हती, हे कटु सत्य त्या वर्षात उघड झाले.

परिणाम केवळ लालबाग-परळपुरता राहिला नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील कित्येक घरे गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालत होती. शेतीचा तोटा त्या पैशाने भरून निघे. मुलाची फी, विहिरीचे काम, बहिणीचे लग्न यांसाठी तोच आधार असे. संपकाळात कामगार गावी परतले, तेव्हा जमिनीचा तोच तुकडा अधिक माणसांना पुरवावा लागला. शहरातील धंदा बदलतो तेव्हा गावाचे अंदाजपत्रक कोसळते, हे त्या वेळी अनेक ग्रामपंचायतींनी अनुभवले.

१९८३ मध्ये मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र शासनाने हाती घेतले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी व यंत्रमाग यांना समान लेखण्याचे ठरविले आणि न सावरणाऱ्या गिरण्या बंद होऊ देण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरू लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते. एक वाटा मोकळ्या जागेसाठी महानगरपालिकेकडे, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकाकडे, अशी ही वाटणी होती. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ पूर्वीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरविली. आज त्या जागी कार्यालये, दुकाने आणि उंच निवासी इमारती उभ्या आहेत. गिरणी कामगारांच्या घरांसाठी पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्ज दीड लाखाच्या घरात आणि घरे सात हजारांहूनही कमी होती.

ज्या एम्प्रेस गिरणीने एकेकाळी साऱ्या देशाला नवी चाती दाखविली, तीही १९८० च्या दशकात राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये बंद पडली. एकदा पुढे असलेला धंदा कायम पुढेच राहतो, असा भरवसा कोणीही बाळगू नये, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

धोटा जातो तेव्हा

गिरण्या मागे पडल्या म्हणून यंत्रमागाचे सुखाचे दिवस आले, असेही झाले नाही. साध्या यंत्रमागावर ताण्याच्या धाग्यांतून बाण्याचा धागा नेण्याचे काम लाकडी धोटा करतो. धोट्यात सुताची कांडी असते आणि प्रत्येक फेरीला हे सारे वजन या टोकापासून त्या टोकाला फेकावे लागते. त्यामुळे मागाचा वेग मिनिटाला शंभर ते दीडशे फेऱ्यांच्या पुढे फारसा जात नाही. कांडी संपली की माग थांबतो. आवाज प्रचंड असतो व विणकराच्या कानावर त्याचा कायमचा परिणाम होतो. बिनधोट्याच्या मागात धाग्याशिवाय दुसरे वजन जवळजवळ नसते. रॅपियर मागात एक हलका दांडा धागा ओढून नेतो. एअरजेट मागात हवेचा झोत त्याला नेतो. या मागाचा वेग मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्याही वर जातो आणि कापडही अधिक रुंद व निर्दोष निघते.

निर्यातीच्या बाजाराला असेच कापड लागते. परदेशी कापडाच्या आयातीवर श्रीमंत देशांनी घातलेली वाटपाची पद्धत २००४ च्या अखेरीस संपली आणि जगाचा बाजार खुला झाला. तयार कपडे शिवणारे कारखाने लांबच लांब, एकसारख्या, डाग व गाठ नसलेल्या कापडाची मागणी करू लागले. केंद्र शासनाने १ एप्रिल १९९९ पासून सुरू केलेल्या तंत्रज्ञान सुधारणा निधी योजनेतून नव्या यंत्रांच्या कर्जावर सवलत मिळू लागली. या संधीचा लाभ ज्यांनी घेतला, त्यांत इचलकरंजी परिसरातील मागधारक लक्षणीय आहेत.

नवा माग घेणे म्हणजे केवळ एक यंत्र बदलणे नव्हे. वेगवान मागाला दर्जेदार सूत लागते, कारण कच्चा धागा त्या वेगात तुटतो. ताण्याला खळ देण्याचे सायझिंगचे काम अधिक काटेकोर व्हावे लागते. हवेतील दमटपणा राखावा लागतो. वीज खंडित होऊन चालत नाही. आणि यंत्रातील इलेक्ट्रॉनिक भाग समजणारा माणूस हाताशी असावा लागतो. १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेतून बाहेर पडलेली मुले या ठिकाणी उपयोगी पडली. शिक्षणाची गुंतवणूक त्याच वर्षी फळ देत नाही. ती पंधरा-वीस वर्षांनी, जेव्हा यंत्र दाराशी येते तेव्हा, कामाला येते.

तथापि गावातील सर्वच मागधारकांना हे जमले नाही. येथील कित्येक लहान मागधारक खर्चीवाले आहेत. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. यांचा फक्त माग आणि मजुरी, असा हा व्यवहार असतो. मजुरीचा दर मीटरमागे ठरतो. सुताचा भाव चढला की व्यापारी काम आखडता घेतो आणि विजेचे बिल मात्र येतच राहते. ज्याच्याकडे चार-आठ साधे माग आहेत, त्याला लक्षावधी रुपयांचा एक एअरजेट माग कसा घेता येणार? २०१६ ची नोटबंदी आणि २०१७ मध्ये लागू झालेला वस्तू व सेवा कर यांच्यामागोमाग रोखीवर चालणाऱ्या या व्यवहाराला मोठी झळ बसली. अनेकांनी आपले माग भंगारात विकले. शासनाने विजेच्या दरात सवलत दिली, त्यामुळे श्वास घेण्यास उसंत मिळाली. पण सवलत हा पूल असतो, मुक्काम नव्हे. पुलावरून पलीकडे कोणी जातो की नाही, हे पाहणे आवश्यक असते. याखेरीज कापड रंगविण्याच्या व धुण्याच्या प्रक्रियांमुळे पंचगंगेच्या पाण्यावर झालेला परिणाम हाही या प्रगतीच्या हिशेबातील खर्चाच्या बाजूला लिहावयाचा आकडा आहे.

या वाटचालीचे सार

वरील इतिहासातून काही निष्कर्ष स्पष्टपणे निघतात.

पहिला निष्कर्ष असा की, मोठा बदल एकाएकी येत नाही. चीनचा बाजार एका वर्षात गेला नाही, कृत्रिम धागा एका हंगामात आला नाही आणि यंत्रमागाने गिरणीची जागा घेण्यास तीस वर्षे लागली. चाहूल पुष्कळ आधी लागते. अडचण अशी की, ज्या वेळी चाहूल लागते त्या वेळी जुना धंदा सहसा चांगला चाललेला असतो, आणि बदलण्याची निकड कोणालाच वाटत नाही.

दुसरा निष्कर्ष साठवणीचा आहे. बदल करण्यासाठी लागणारा पैसा संकटाच्या वर्षात उभा राहत नाही. त्या वर्षी बँकही हात आखडते. चांगल्या वर्षांतील नफ्यातून यंत्रबदलासाठी बाजूला काढलेली रक्कम हीच खरी तरतूद होय. मालकीची संस्था असो वा सहकारी, घसारा निधी वाटून खाणे म्हणजे बियाणे दळून खाण्यासारखे आहे.

तिसरा निष्कर्ष, यंत्र एकटे येत नाही. त्याच्याबरोबर कच्चा माल, वीज, दुरुस्ती, शिक्षण आणि बाजार यांची साखळी बदलावी लागते. म्हणून एकट्यादुकट्या लहान कारागिरापेक्षा एकत्र आलेले कारागीर हा बदल अधिक सहज पेलतात. सामायिक सायझिंग, सामायिक सांडपाणी शुद्धीकरण आणि एकत्र सूतखरेदी यांचे महत्त्व यामुळेच आहे.

चौथा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. धंदा बदलतो तेव्हा भांडवल एका ठिकाणाहून उठून दुसरीकडे जाऊन बसते. जमिनीलाही नवा उपयोग सापडतो. परंतु चाळिशीच्या साचेवाल्याला नवा उपयोग आपोआप सापडत नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीला पर्याय मिळाला, यंत्रांना भंगारवाला मिळाला. कामगाराला मात्र घराच्या अर्जाचा क्रमांक मिळाला. बदलाचा लाभ एकाला आणि त्याची किंमत दुसऱ्याला, अशी वाटणी झाली की लोक बदलालाच विरोध करू लागतात. मग ज्या बदलाने सर्वांचे हित झाले असते, तोही अडतो. १९२८ मध्ये जे प्रश्न अनुत्तरित राहिले, ते चौपन्न वर्षांनी पुन्हा गिरणीच्या दाराशी येऊन उभे ठाकले.

गावपातळीवर काय करता येईल

या विषयात आपल्याला काय करता येण्यासारखे आहे, असा प्रश्न ग्रामपंचायतीच्या सदस्यांना अथवा शिक्षकांना पडणे स्वाभाविक आहे. धोरणे मुंबईत व दिल्लीत ठरतात, हे खरे. परंतु चाहूल प्रथम गावात लागते. गावातील किती घरांचे पोट एकाच धंद्यावर आहे, त्या धंद्याचे गिऱ्हाईक कोण, यंत्रे किती वर्षांची आहेत, गेल्या पाच वर्षांत किती जणांनी तो सोडला आणि ते आता काय करतात, एवढी साधी माहिती दरवर्षी एका वहीत नोंदविली, तरी पुष्कळ काही कळून येते. ज्या वर्षी तरुण मुले वडिलांच्या मागावर बसण्याचे नाकारू लागतात, त्या वर्षापासून त्या धंद्याचा काळ बदलू लागला, असे समजण्यास हरकत नाही.

शिक्षकांनी स्थानिक धंद्याचा हिशेब हा गणिताचा व भूगोलाचा विषय करावा. मीटरमागे मजुरी किती, त्यातून वीज किती जाते, उरते किती, हे आठवीच्या मुलाला सहज मांडता येईल. अधिकाऱ्यांनी योजनेचा लाभ देताना केवळ यंत्राची किंमत न पाहता, त्या यंत्राला सूत, वीज व दुरुस्ती कोठून मिळणार, आणि ज्याचे काम जाणार त्याला नवे काम शिकविण्याची सोय कोठे आहे, हे दोन रकाने अर्जात असल्याची खात्री करून घ्यावी.

इचलकरंजीत आजही एकाच गल्लीत धोट्याचा खडखडाट ऐकू येतो आणि पलीकडच्या वसाहतीत एअरजेट मागाचा सलग आवाज येतो. या दोन आवाजांमधले अंतर फार तर एक-दोन मैलांचे असेल. तेवढे अंतर जुन्या मागावरच्या माणसालाही पार करता यावे, ही व्यवस्था करणे हे समाजाचे आणि शासनाचे काम आहे. यंत्र तर आपल्या वेगाने पुढे जाणारच आहे.